पीएचडीचा प्रवेश आणि पीएचडीचा निर्णय

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

विज्ञान शाखेतून पीएचडी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या दैनिकाने चालवलेली मार्गदर्शनपर लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचत आलो आहे. अर्जांच्या मुदती, परीक्षा, हेतुपत्राचा मसुदा, शिफारसपत्रे आणि मुलाखतीची तयारी हा सगळा मजकूर तिच्यात नेटकेपणाने आला असून तो उपयोगी आहे, याबद्दल मला शंका नाही. सगळे भाग वाचून झाल्यावर एक गोष्ट मात्र खटकली. प्रवेशपत्र हाती येते तिथे लेखमाला संपते आणि त्यानंतर विद्यार्थ्याने काही ठरवायचे असते याचा तिच्यात उल्लेखही येत नाही. रसायनशास्त्राचा अध्यापक म्हणून तीन दशकांहून अधिक काळ शिफारसपत्रे लिहिली, अर्ज वाचले आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. त्याआधी स्वतः विद्यार्थी म्हणून याच वाटेने गेलो. या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की प्रवेश मिळवण्याची तयारी आपण वर्ष-दोन वर्षे करतो, पण प्रवेश घ्यावा की नाही, कुठे घ्यावा आणि कोणाच्या हाताखाली घ्यावा हे चार दिवसांत, बहुधा विद्यापीठाच्या नावाकडे पाहून, उरकून टाकतो. त्या राहून गेलेल्या भागाविषयी हे पत्र आहे.

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिफारसपत्रासाठी विद्यार्थी माझ्याकडे येत आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असत. एवढ्या गुणांवर अमुक ठिकाणी होईल का, छापून आलेला संशोधनपेपर नसला तर चालेल का, अर्ज किती ठिकाणी करावेत. मी उलट विचारत असे, की पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू नेमके काय करत असशील? फार थोड्यांना उत्तर देता येई, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. पदवीपर्यंत आपण त्यांना उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न देतो. प्रॅक्टिकलला कोणते रीडिंग यायला हवे हे आधीच माहीत असते, आणि ते आले नाही तर शेजारच्याच्या जर्नलमधून घेण्याची सोय असते. संशोधनात शेजारी जर्नल नसते.

मुळात पीएचडी हा एकच शब्द वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या व्यवस्थांना लावला जातो आणि निर्णयातली पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीसाठी एमएस्सी झालेली असणे सहसा बंधनकारक नसते. पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, पहिली एक-दोन वर्षे वर्गात बसून अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, मग क्वालिफाइंग परीक्षा होते आणि सगळे मिळून पाच-सहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तिथे प्रवेश देणारा असतो तो विभाग. मार्गदर्शक पुढे ठरतो. जीवशास्त्राच्या अनेक विभागांत तर पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवड्यांचे रोटेशन करूनच विद्यार्थी आणि मार्गदर्शक एकमेकांची निवड करतात. ब्रिटनमध्ये हाच प्रवास तीन ते चार वर्षांचा आहे, विषय आणि मार्गदर्शक बहुधा आधीच ठरलेले असतात आणि शेवटी परीक्षकांसमोर प्रबंधाची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, होते. जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियातील देशांत आधी मास्टर्स हवे आणि पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरली जाते. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जर्मनीत त्याची जागा पुष्कळदा अर्धी किंवा दोन-तृतीयांश धरली जाते, काम मात्र पूर्ण वेळाचे असते. भारतात नेट-जेआरएफ, गेट किंवा जेस्टसारख्या परीक्षा उंबरठा ठरवतात आणि त्यापुढे संस्थेची मुलाखत असते.

हा फरक इतिहासातून आला आहे. संशोधन आणि अध्यापन एकत्र बांधणारे विद्यापीठ ही कल्पना १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाभोवती आकाराला आली. १८२४ पासून गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत उभे करून रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली. आज ज्याला आपण ‘लॅब ग्रुप’ म्हणतो त्याचे मूळ तिथे शोधता येते. अमेरिकेत पहिल्या पीएचडी पदव्या येलने १८६१ मध्ये दिल्या आणि १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने जर्मन नमुना उचलला. म्हणजे गुरू-शिष्याचे एकास एक नाते हे या व्यवस्थेचे जुने अंग आहे. अभ्यासक्रम, गुण आणि समित्या त्याभोवती नंतर उभ्या राहिल्या.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की जिथे विभागात प्रवेश मिळतो तिथे ‘माझ्या आवडीचे काम करणारे किमान तीन जण या विभागात आहेत का, आणि त्यांतले किती जण यंदा विद्यार्थी घेणार आहेत’ हे पाहावे लागते, आणि जिथे थेट जागा मिळते तिथे सही करण्याआधीच माणूस आणि विषय दोन्ही पारखून घ्यावे लागतात, कारण मागे फिरायला जागा कमी असते. काही अटी तर इतक्या बारीक असतात की त्या वेळीच वाचल्या नाहीत तर दारच बंद होते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतील डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे अनेक संस्था मिळून चालवत असलेल्या पीएचडी कार्यक्रमांच्या, जागांसाठी उमेदवाराने भरतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा शिकलेले चालत नाही. ज्या देशात दोन वर्षांचे मास्टर्स नुकतेच केले, त्याच देशातली अशी जागा त्यामुळे हातची जाते. अर्जाच्या पहिल्या पानावर लिहिलेली ही अट वाचायला लागणारी पाच मिनिटे आपण देत नाही, आणि परीक्षेच्या सरावाला मात्र सहा महिने देतो.

परीक्षांविषयी थोडक्यात. अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्यावी लागणाऱ्या जीआरई परीक्षेचे महत्त्व पूर्वीइतके राहिलेले नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून ती परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या विषयवार परीक्षा बंद झाल्या आहेत आणि विज्ञानाच्या अनेक विभागांनी जीआरईचे गुण मागणेच थांबवले आहे. ज्या विभागाला ते हवे आहेत तो आपल्या संकेतस्थळावर तसे सांगतो. तेवढे पाहावे, लागेल तेवढा अभ्यास करावा आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा.

हा प्रयोगशाळेतला वेळ म्हणजे माझ्या मते तयारीचा गाभा आहे, आणि तो अर्जात एक ओळ वाढावी म्हणून घालवायचा नसतो. पदवीच्या काळात संशोधन करून पाहण्याची सोय आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८७ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला, जर्मनीत डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची ‘राइज’ योजना आहे, भारतात तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. अशा आठ-दहा आठवड्यांत फार मोठे काही निष्पन्न होत नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही नसते. तिथे विद्यार्थ्याला स्वतःविषयी एक गोष्ट कळते. एखादे उपकरण तीन दिवस चुकीचे आकडे देत असेल तेव्हा आपल्याला कंटाळा येतो, की चूक कुठे आहे हे शोधून काढेपर्यंत झोप लागत नाही? दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. पहिले उत्तर येणारा विद्यार्थी कमी बुद्धिमान ठरत नाही. त्याला वेगळे काम शोधायचे आहे इतकेच, आणि हे विसाव्या वर्षी कळणे पंचविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा पुष्कळ बरे.

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांचे उदाहरण देत असे. ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या पल्सार ताऱ्यांचा शोध त्यांनी १९६७ मध्ये केंब्रिज येथे पीएचडीच्या विद्यार्थिनी असताना लावला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची दोन वर्षे त्या इतरांसोबत शेतात खांब रोवून आणि तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारत होत्या, हे फार जणांना ठाऊक नसते. दुर्बीण सुरू झाल्यावर रोज सुमारे तीस मीटर लांबीचा आलेखाचा कागद बाहेर पडे आणि तो त्या डोळ्यांनी तपासत. त्या कागदावर मधूनच उमटणारी जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची एक विचित्र खूण त्यांनी सोडून दिली नाही, म्हणून पल्सार सापडला. आपण केंब्रिजच्या योग्यतेचे नाही, चुकून आत आलो आहोत आणि कधीतरी बाहेर काढले जाऊ, या धास्तीने त्या इतके काटेकोर काम करत होत्या, असे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. प्रबंधाचा मुख्य विषय दुसराच होता. पल्सारची हकीकत त्याच्या परिशिष्टात गेली. १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, त्यांना मिळाले नाही. २०१८ मध्ये मिळालेल्या तीस लाख डॉलरच्या पुरस्काराची सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या, सहसा संधी न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. नोबेल न मिळण्यावर बोलणारे पुष्कळ असतात, पण पीएचडीचा विचार करणाऱ्याने नजर त्या तीस मीटर कागदावर ठेवावी, असे मला वाटते. शोधाचा दिवस एखादा येतो किंवा येतही नाही. कागद रोज येतो.

शिफारसपत्रांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. ‘वर्गात पहिल्या पाचांत’, ‘वागणूक उत्तम’, ‘मेहनती’ अशी पत्रे मीही सुरुवातीला लिहिली आहेत. पुढे अर्ज वाचण्याची वेळ आली तेव्हा लक्षात आले की अशा पत्रातून विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही, गुणपत्रिकाच दुसऱ्यांदा वाचल्यासारखे होते. ज्याने विद्यार्थ्याला अडलेले पाहिले आहे, चुकल्यावर त्याने काय केले हे पाहिले आहे, अशा माणसाचे पत्र पदाने लहान असले तरी वजनदार ठरते. विभागप्रमुखांचे नाव मोठे म्हणून त्यांच्याकडे धावणाऱ्यांना मी हेच सांगत असे, आणि त्यांपैकी निम्मे तरी तरीही धावत. हेतुपत्राबद्दल माझे म्हणणे एवढेच, की लहानपणी आकाशाकडे पाहताना वाटलेल्या कुतूहलाला एक ओळ पुरे. उरलेल्या दोन पानांत आपण काय करून पाहिले, त्यातले काय फसले आणि पुढे कोणता प्रश्न हाताळायचा आहे हे लिहावे.

आता निर्णयाकडे येतो, आणि इथे मला स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. माझ्यापुढे दोन पर्याय होते. एका ठिकाणी विषय मला मनापासून आवडणारा होता, मार्गदर्शक तरुण आणि फारसे कोणाला माहीत नसलेले होते. दुसऱ्या ठिकाणी मार्गदर्शकांचे नाव आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. मी दुसरीकडे गेलो. पहिले दीड वर्ष मी एक संयुग तयार करण्यात घालवले. ते खोलीच्या तापमानाला टिकतच नाही हे त्याच प्रयोगशाळेत आधीच्या एका विद्यार्थ्याला चार वर्षांपूर्वी कळून चुकले होते, पण ते कोणी नोंदवून ठेवले नव्हते आणि विचारायला मार्गदर्शक जागेवर नसत. दोन महिन्यांतून एकदा भेट होई, तीही निघता निघता. तिसऱ्या वर्षी ते दुसऱ्या संस्थेत गेले. आम्ही सात विद्यार्थी होतो. तिघे त्यांच्याबरोबर गेले, दोघांनी शिक्षण सोडले, उरलेल्या दोघांना दुसरे मार्गदर्शक शोधावे लागले आणि त्यांत मी होतो. नव्या विषयावर शून्यापासून सुरुवात करून मी प्रबंध पूर्ण केला, तो ठरल्या वेळेपेक्षा अडीच वर्षे उशिरा. मला अधिक लागले ते याचे, की ते बाहेर जागा शोधत आहेत हे वरच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना मी रुजू होण्याआधीपासून माहीत होते. मी त्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. मी विचारलेच नाही; विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते.

म्हणून प्रवेशपत्र आल्यावर पहिले काम हे, की त्या गटातल्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोलावे, आणि एकाशीच नव्हे तर तिघा-चौघांशी, जमल्यास नुकतेच बाहेर पडलेल्या एखाद्याशीही. गेल्या काही वर्षांत किती जण पूर्ण करून गेले, त्यांना किती काळ लागला, आज ते कुठे आहेत, मध्येच कोण सोडून गेले आणि का, भेट किती दिवसांनी होते, लिहिलेला मसुदा तपासून परत यायला किती आठवडे लागतात, पेपरवर पहिले नाव कोणाचे हे कधी आणि कसे ठरते, आजारपणात किंवा घरच्या अडचणीत रजा मिळते का, प्रकल्पाचे अनुदान संपले तर विद्यार्थ्याचे काय होते, हे सगळे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगला मार्गदर्शक अशा चौकशीने दुखावत नाही. उलट तो स्वतःच विद्यार्थ्यांचे पत्ते देतो. जो देत नाही, त्याच्याविषयी तेवढी माहिती पुरेशी आहे. आणि शब्दांइतकेच थांबण्याकडेही लक्ष द्यावे. ‘सर फार हुशार आहेत’ असे म्हणून विद्यार्थी गप्प झाला, तर पुढचा प्रश्न शांतपणे विचारावा. नावाजलेला म्हातारा मार्गदर्शक की उमेदीचा तरुण मार्गदर्शक, याला एकच उत्तर नाही. तरुणाकडे वेळ आणि ईर्ष्या असते, पण त्याची स्वतःची जागा कायम झालेली नसते आणि त्याची घाई विद्यार्थ्यावर येऊ शकते. ज्येष्ठाकडे पैसा आणि ओळखी असतात, पण तो निवृत्त कधी होणार हा प्रश्न उरतो.

पैशाविषयी बोलायला विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना संकोच वाटतो, तो सोडला पाहिजे. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळणे ही सर्वसाधारण रीत आहे. मास्टर्सला ती सहसा नसते. परंतु ‘पूर्ण आर्थिक साहाय्य’ या शब्दांच्या आत काय आहे ते उलगडून पाहावे लागते. किती वर्षांची हमी आहे, सुटीच्या महिन्यांचे काय, आरोग्य विमा आहे का, विद्यावेतनासाठी दर आठवड्याला किती तास शिकवावे लागेल, शुल्क माफ झाले तरी इतर फी भरावी लागते का, आणि त्या शहरातले घरभाडे दिल्यावर हातात काय उरते? अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावाप्रमाणे, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांच्या आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. हे माहीत नसल्यामुळे कोणी फेब्रुवारीत घाई केली की घाबरून होकार देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ती मुदत विद्यार्थ्याच्या विचारासाठीच ठेवलेली आहे. अर्थात कागदावरचे वचनही परिस्थितीपुढे हलते. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी निधीविषयी अनिश्चितता निर्माण झाली तेव्हा काही संस्थांनी प्रवेश कमी केले आणि दिलेले प्रस्तावही मागे घेतल्याची उदाहरणे घडली. त्यामुळे दुसरा पर्याय १५ एप्रिलपर्यंत हातातून सोडू नये.

पुढचे चित्रही आधी पाहिलेले बरे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सनेच २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार दहा वर्षांत पीएचडी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सर्व शाखा मिळून सुमारे ५७ टक्के होते. जीवविज्ञानात ६३ टक्के, गणित आणि भौतिक विज्ञानांत ५५ टक्के. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० च्या अहवालात दाखवले की पीएचडीनंतर निम्म्याहून अधिक जण विज्ञानाबाहेरच्या कामांकडे वळतात, विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधक होणारे साडेतीन टक्के असतात आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचणारे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मानसिक आरोग्याविषयी २०१८ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या, २६ देशांतील २,२७९ जणांच्या पाहणीत संशोधक विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सहापट आढळले. या शेवटच्या आकड्याबाबत मी थोडा सावध आहे, कारण ईमेलने आणि समाजमाध्यमांतून मागवलेल्या पाहणीला त्रासात असलेली माणसे अधिक संख्येने उत्तर देण्याची शक्यता असते. पण तो सहापट नसून तिप्पट निघाला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे आकडे कोणाला परावृत्त करण्यासाठी मी देत नाही. ‘पीएचडी म्हणजे प्राध्यापकी’ हे समीकरण डोक्यात ठेवून पाच-सहा वर्षे द्यायची असतील तर ते समीकरण बहुतेकांच्या बाबतीत जुळत नाही, एवढेच मला त्यातून दिसते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ रसेल हल्स यांनी १९७४ मध्ये पीएचडी करतानाच जोडपल्सार, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरणारा पल्सार, शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले; पण १९७७ मध्येच ते खगोलशास्त्र सोडून प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा भौतिकीच्या प्रयोगशाळेत गेले होते, आणि खगोलशास्त्रात स्थिर नोकरीची खात्री दिसत नव्हती हे त्यामागचे एक कारण होते.

न जाण्याचा निर्णयही निर्णयच असतो. नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी पीएचडी कधीच केली नाही. २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे कोइची तानाका पदवीनंतर शिमाद्झू कंपनीत काम करणारे अभियंता होते. ही उदाहरणे आळसाला आधार म्हणून वापरू नयेत, कारण आज विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत स्वतंत्रपणे काम करायचे तर पीएचडीवाचून जवळजवळ गत्यंतर नाही. पण एखादे वर्ष प्रयोगशाळेत सहायक म्हणून पगारी काम करून मग ठरवणाऱ्याचे वर्ष वाया गेले, असे जे आपण सहज म्हणतो ते मला मुळीच पटत नाही. माझ्या हाताखाली ज्यांनी सर्वांत शांतपणे प्रबंध पूर्ण केले, त्यांतले बरेच जण असे थांबून आलेले होते.

यावर कोणी म्हणेल की निवड करण्याची चैन कोणाला असते? वीस अर्ज केल्यावर एकच होकार येतो, तो डोळे मिटून घ्यावा लागतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण एकच होकार असतानाही तो घ्यायचा की वर्षभर थांबायचे हे ठरवायचे असतेच. शिवाय विभागात प्रवेश झाल्यावर मार्गदर्शक निवडण्याची संधी बहुतेक अमेरिकी कार्यक्रमांत पहिल्या वर्षी मिळते, आणि तीही पुष्कळजण पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी नावावर भाळून गमावतात.

संपादक महोदय, लेखमालेचा पुढचा टप्पा निघणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात चौथ्या वर्षाला असलेला एखादा संशोधक विद्यार्थी, मध्येच सोडून बाहेर पडलेली एखादी व्यक्ती आणि विद्यार्थी घेणारा एखादा मार्गदर्शक, अशा तिघांना आपण लिहिते करावे आणि तिघांनाही मंगळवारचा तो प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघे, एक पीएचडी पूर्ण केलेली आणि एक दुसऱ्या वर्षी सोडून गेलेला, लिहायला तयार आहेत. आपण कळवल्यास मी त्यांना तसे सांगेन.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक